तळं राखणारा

‘तळं राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा ती आपण हसतच वापरतो. उत्सवाचा कारभार पाहणाऱ्याने उरलेले चार नारळ घरी नेले, किंवा लग्नात वाढप्याने आपल्या पोरांच्या पानात दोन लाडू जास्त टाकले, की आपण ही म्हण म्हणतो आणि विषय सोडून देतो. माणसाचा स्वभावच तसा, चालायचंच, असा तिचा सूर असतो. परंतु या म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तळं राखणाऱ्याला तळ्यावर बसवलं कोणी? आणि त्याने ओंजळभर घेतलं की घागरभर, हे मोजायचं कोणी?

श्रोतेहो, आज मला अशाच तळं राखणाऱ्यांविषयी बोलायचं आहे. ते म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीचे सभासद. महाराष्ट्रात आज सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे प्रत्येकीत ७ पासून १७ पर्यंत सभासद असतात. म्हणजे आपल्या राज्यात दोन लाखांहून अधिक माणसं लोकांनी निवडून देऊन या कामाला बसवलेली आहेत. वर्तमानपत्रांतून चर्चा होते ती आमदार-खासदारांची. पण आपल्या गल्लीत दिवा लागणार की नाही, नळाला पाणी किती वाजता सुटणार, गटार कोणत्या बाजूने जाणार, हे ठरतं ते या माणसांच्या बैठकीत. आणि या माणसांपुढे एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. गावाचं हित आणि स्वतःचं हित एकाच कागदावर येतं, आणि त्या कागदावर सही त्यांनाच करायची असते. तेव्हा काय करावं?

हा प्रश्न मी पुस्तकात वाचून तुमच्यापुढे मांडत नाही. मी अनेक वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. त्या नोकरीतला एक प्रसंग माझ्या मनातून अजून जात नाही. गावाचं नाव मी सांगणार नाही, माणसाचंही नाही. आपण त्याला आप्पा म्हणू.

२०१३ चा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. गावतळं कोरडं ठणठणीत पडलं होतं. संकटातून एक सोय झाली, ती अशी की तळ्यातला गाळ काढायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. पंचायतीने ठराव केला. गाळ उपसायला यंत्र मिळालं, पण तो वाहून न्यायला ट्रॅक्टर हवा होता. बाहेरगावचा एक ट्रॅक्टरवाला खेपेला ५०० रुपये सांगून गेला. बैठकीत त्याचं दरपत्रक वाचून झाल्यावर आप्पा उठले. ते पंचायतीचे सभासद. शेती चांगली, वागणूक त्याहून चांगली. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, “भाऊसाहेब, पाऊस तोंडावर आलाय. माझा ट्रॅक्टर दारात रिकामाच उभा आहे. मी ४०० रुपयांत खेप टाकतो. गावाचा पैसा तरी वाचंल.”

सरपंचांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने मंजूर झाला आणि तो मी माझ्या हाताने इतिवृत्तात लिहिला. श्रोतेहो, मला कायद्यातलं कलम ठाऊक नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात ते आम्हांला शिकवलं होतं. पण पाऊस आठ दिवसांवर आलेला, माणूस सज्जन, दर स्वस्त आणि सगळी बैठक एका मताची. अशा वेळी कलम काढून बसणारा ग्रामसेवक गावाला आडमुठा वाटतो. मी गप्प राहिलो.

काम चांगलं झालं. एकंदर १४० खेपा झाल्या. ५६,००० रुपयांचं बिल झालं. बाहेरच्याला काम दिलं असतं तर ७०,००० झाले असते. म्हणजे गावाचे १४,००० रुपये वाचले. धनादेशावर सरपंचांची सही झाली आणि शेजारी माझी झाली. पैसे मिळाल्याची सही आप्पांनी व्हाउचरवर केली. त्या पावसाळ्यात तळ्यात पाणीही चांगलं साठलं. सगळे खूष होते.

पुढच्या वर्षी गावठाणातल्या एका जागेवरून आप्पांचं आणि गावातल्या एका गृहस्थांचं वाकडं आलं. त्या वादात आप्पांची बाजू बरोबर होती, असं माझं आजही मत आहे. पण त्या गृहस्थांनी माहिती अधिकारात अर्ज करून ठरावाची नक्कल काढली, व्हाउचरची नक्कल काढली, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. सुनावणी झाली. कागद बोलत होते, त्यांच्यापुढे वकिलाला बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आप्पांचं सभासदत्व गेलं. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी आप्पा पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्हीच सांगा, मी खाल्लं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. सुनावणीतही कोणी तसं म्हटलं नव्हतं. उलट गावाचा फायदाच झाला होता. मग त्यांची जागा का गेली? त्या दिवशी न दिलेलं उत्तर आज तुमच्यासमक्ष देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या ग्रामपंचायतींचा मूळ कायदा १९५८ चा. त्यातल्या चौदाव्या कलमात पंचायतीचा सभासद कोणाला होता येत नाही याची यादी दिली आहे. त्या यादीत एक बाब अशी आहे की, पंचायतीच्या हुकमाने होणाऱ्या कामात, पंचायतीशी झालेल्या करारात किंवा पंचायतीच्या नोकरीत ज्याचा भाग किंवा हितसंबंध असेल, मग तो प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, स्वतःचा असो वा भागीदारामार्फत असो, त्याला सभासद होता येत नाही. आणि निवडून आल्यानंतर असा हितसंबंध निर्माण झाला, तर सोळाव्या कलमान्वये त्याला सभासद राहताही येत नाही. वाद उत्पन्न झाला तर निर्णय जिल्हाधिकारी देतात, आणि त्यावर पंधरा दिवसांच्या आत अपील करता येतं.

हे कलम शांतपणे वाचलं तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द नाही, ‘लबाडी’ नाही, ‘नुकसान’ही नाही. सभासदाने दर जास्त लावला का, काम वाईट केलं का, गावाला फसवलं का, यांपैकी एकही प्रश्न ते कलम विचारत नाही. ते एवढंच विचारतं की, तुम्ही काम देणाऱ्यांत आहात की काम घेणाऱ्यांत? दोन्हींत एकदम राहता येणार नाही.

आपल्याकडच्या कुस्तीच्या फडाचंच उदाहरण घ्या. गावच्या जत्रेत मोठी कुस्ती लागली आहे आणि पंच म्हणून जो वस्ताद उभा आहे, त्याचाच पठ्ठा आखाड्यात उतरला आहे. वस्ताद कितीही सचोटीचा असो, लोक मान्य करतील का? त्याने पठ्ठ्याच्या बाजूने निकाल दिला तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला झुकतं माप दिलं. विरुद्ध निकाल दिला तर पठ्ठा म्हणेल, नाव राखण्यासाठी माझा बळी दिला. आणि तो निकाल अगदी बरोबर होता की नाही, हे त्या वस्तादालासुद्धा स्वतःच्या मनाशी खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून शहाणा वस्ताद आपण होऊन बाजूला होतो. त्यात त्याचा अपमान नसतो. ‘पंचायत’ या शब्दात ‘पंच’ आहे, आणि पंचाला जो नियम आखाड्यात लागू, तोच बैठकीतही लागू.

आता आप्पांच्या प्रसंगाकडे परत येऊ. त्या १४० खेपा मोजल्या कोणी? आप्पांच्या पुतण्याने. पोरगा प्रामाणिक होता, त्याने वहीत रेघा ओढल्या आणि तीच वही आम्ही खरी धरली. बाहेरगावचा ट्रॅक्टर असता तर मी स्वतः तळ्याच्या काठावर वही घेऊन उभा राहिलो असतो, एखादा सभासदही चक्कर टाकून गेला असता. पण आपल्याच सभासदाच्या खेपा मोजायला उभं राहणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेण्यासारखं. म्हणून कोणीच उभं राहिलं नाही. पहिल्या वीस-पंचवीस खेपा पडल्या त्या आप्पांच्याच शेतात. ते शेत तळ्याला लागून होतं, तिथे गाळ टाकल्याने डिझेल वाचलं, हे खरं. पण गाळ म्हणजे शेतकऱ्याला सोनं. तो आधी कोणाच्या शेतात पडावा, हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा ट्रॅक्टर असता तर बैठकीत निघाला असता. तसा तो निघाला नाही.

मी असं म्हणत नाही की त्या वहीत एक तरी रेघ खोटी होती. मी म्हणतो की ती खरी होती हे सांगणारा, आप्पांच्या घराबाहेरचा, एकही माणूस आम्ही ठेवला नव्हता. जिल्हाधिकाऱ्यांपुढे आप्पांना आपला प्रामाणिकपणा सांगता आला, पण दाखवता आला नाही. तो दाखवण्याची सोय आम्हीच आमच्या हाताने काढून टाकली होती.

याहून मोठं नुकसान पुढे झालं, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर नळाची नवी वाहिनी टाकायची होती. पाइप पुरवले ते सरपंचांच्या एका नातेवाइकाने. बिल आलं तेव्हा पाइपची जात आणि जाडी ठरावात ठरल्याप्रमाणे आहे का, हे विचारायला हवं होतं. विचारणारा माणूस पंचायतीत एकच होता, तो म्हणजे आप्पा. एरवी ते खिळ्यामोळ्याचा हिशेब विचारत. त्या दिवशी ते खाली मान घालून बसले. कसे बोलणार? चारच महिन्यांपूर्वी त्यांचं बिल याच बैठकीने चहा पीत पीत मंजूर केलं होतं. दोन उन्हाळे जाईपर्यंत ती वाहिनी तीन ठिकाणी फुटली. हरिजन वस्ती असं ज्या वस्तीला जुने लोक म्हणत आणि जिला आता आम्ही भीमनगर म्हणतो, ती वाहिनीच्या शेवटच्या टोकाला. तिथल्या बायांना पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवर जावं लागलं.

श्रोतेहो, ‘मी खाल्लं काय?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हे आहे. आप्पा, तुम्ही पैसा खाल्ला नाही. पण प्रश्न विचारण्याचा जो अधिकार गावाने तुम्हांला दिला होता, तो त्या ५६,००० रुपयांच्या बिलाबरोबर गहाण पडला. ज्याचं बिल आपण पास केलं तो आपल्या बिलाला आडवा येत नाही. एकाने सुरुवात चांगल्या मनाने केली, तरी दुसरा त्याच वाटेने येतो आणि त्याचं मन चांगलं असेलच असं नाही. आणि या सगळ्याचा दोष एकट्या आप्पांवर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. कलम मला ठाऊक होतं. मी त्या बैठकीत दोन वाक्यं बोललो असतो तर एका भल्या माणसाची जागा वाचली असती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शहरात ठीक आहे. गाव म्हटलं की सगळेच एकमेकांचे सोयरे. कोणी चुलता, कोणी मेव्हणा, कोणी व्याही. नात्याचा माणूस कामाला नको म्हटलं तर काम करायला माणूस शिल्लक राहील का?

ही शंका रास्त आहे. न्यायालयांपुढेही ती आली आहे. १९६६ साली विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या निवडणुकीतला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की, नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे. त्या माणसाचा पैशाचा किंवा तशाच प्रकारचा काही प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभ त्यात गुंतलेला आहे, असं दिसलं पाहिजे. म्हणजे गावातल्या प्रत्येक सोयऱ्यामुळे सभासद अपात्र ठरतो, अशी भीती बाळगण्याचं कारण नाही.

पण याचा अर्थ असाही नव्हे की, आपल्या नावाऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणाचं नाव टाकलं की झालं. २०१२ साली गोव्यातल्या एका पंचायतीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. बाई पंचायतीच्या सभासद आणि पंचायतीचं काम ठेक्याने घेतलेलं त्यांच्या पतीने. गोव्यात तर नवराबायकोची मिळकत लग्नानंतर सामान्यतः सामाईक मानणारा कायदा पोर्तुगीज काळापासून चालत आलेला आहे. पतीच्या ठेक्यात पत्नीचा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे असं ठरलं आणि बाईंना जागा गमवावी लागली. हा निकाल आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कितीतरी भगिनी उत्तम काम करतात. पण काही ठिकाणी असंही दिसतं की, बैठकीत सही बाईंची, आणि बाहेर मुरूम टाकणारा ट्रक नवऱ्याचा. त्या सहीची जबाबदारी बाईंवर येते, आणि जागा जाते तीही बाईंचीच. नवऱ्याचं काहीच जात नाही. म्हणून निवडून आलेल्या प्रत्येक भगिनीने घरात पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं की, मी या खुर्चीवर आहे तोवर पंचायतीचं एकही काम आपल्या घरात येणार नाही.

सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचंही तसंच आहे. ज्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागा बळकावली आहे त्याला सभासद होता येत नाही, असं कलम पुढे आपल्या कायद्यात घालण्यात आलं. कारण अतिक्रमण काढणं हे पंचायतीचं काम, आणि स्वतःचं कुंपण स्वतःच्या हाताने कोण मोडणार? यावर युक्तिवाद असा निघाला की, अतिक्रमण सासऱ्याने केलं, मी तिथे नुसती राहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. अतिक्रमण कुटुंबातल्या कोणी केलं असलं, तरी त्या जागेत राहून तिचा उपभोग घेणारा सभासद त्या कलमातून सुटत नाही, असा तो निकाल आहे.

कायद्याने काही सवलतीही दिल्या आहेत. एखाद्या कंपनीचा पंचायतीशी व्यवहार असला आणि सभासदाच्या नावावर तिचे शेअर असले, किंवा गावच्या सहकारी संस्थेशी व्यवहार असला आणि तो त्या संस्थेचा सभासद असला, तर केवळ तेवढ्या कारणाने तो अपात्र ठरत नाही. त्याच्या वर्तमानपत्रात पंचायतीची जाहिरात आली एवढ्यानेही ठरत नाही. म्हणजे कायदा आंधळा नाही.

पण श्रोतेहो, कोर्टापर्यंत जाणारी प्रकरणं थोडी. रोजच्या बैठकीत येतात ते प्रसंग लहान असतात. नवा रस्ता दोन शेतांच्या मधून जायचा आहे आणि त्यांतलं एक शेत सभासदाचं आहे. घरकुलाच्या यादीत सभासदाच्या भावाचं नाव आहे. आठवडे बाजाराच्या वसुलीचा लिलाव आहे आणि बोली बोलणारा सभासदाचा मेव्हणा आहे. वीटभट्टीला ना-हरकत दाखला हवा आहे, आणि वीटभट्टीत सभासदाची पाती आहे. यांतल्या प्रत्येक वेळी त्या सभासदाने राजीनामा द्यावा असं कोणी म्हणत नाही. भाऊ खरोखरच गरीब असेल तर त्याला घरकुल मिळालंच पाहिजे. भाऊ सभासद आहे म्हणून त्याचं नाव कापणं हाही अन्यायच. मग करावं काय?

माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पहिली, विषय निघताच आपण होऊन सांगावं की यात माझा संबंध आहे. दुसऱ्याने बोट दाखवण्याची वाट पाहू नये. दुसरी, ते इतिवृत्तात लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं चार वर्षांनी कोणाला आठवत नाही, लिहिलेलं राहतं. तिसरी, चर्चा चालू असताना खोलीत बसू नये. आपण गप्प बसलो तरी आपलं तोंड पाहून दुसऱ्याची जीभ अडखळते. आणि चौथी, उठून बाहेर गेल्यावर ओट्यावर दोघांना गाठून ‘जरा आमचं बघा’ असं म्हणू नये. पहिल्या तीन गोष्टी करून ही चौथी मोडणारे मी पाहिले आहेत.

नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात ही शिस्त कलमातच घातलेली आहे. ज्या विषयात स्वतःचा असा हितसंबंध आहे, त्या विषयाच्या चर्चेत नगरसेवकाने भाग घेतला किंवा मत दिलं, तर त्याचं पद जाऊ शकतं. शहराने जे कायद्याच्या धाकाने पाळायचं, ते खेड्याने आपल्या समजुतीने पाळलं तर त्यात कमीपणा काही नाही.

परंतु ठेक्याची गोष्ट वेगळी. तिथे नुसतं उठून बाहेर जाणं पुरत नाही. पंचायतीचं काम सभासदाने घ्यायचंच नाही. आता यावर एक आक्षेप हमखास निघतो, तो म्हणजे गावात ट्रॅक्टरच एक, आणि तो सभासदाचा. तर शेजारच्या गावचा आणावा. खेपेला शंभर रुपये जास्त पडतील. ते शंभर रुपये वाया गेले असं समजू नये. त्या शंभर रुपयांत गावाला खेपा मोजणारा मोकळा माणूस मिळतो आणि प्रश्न विचारणारा मोकळा सभासद मिळतो. आणि सभासदाच्या मनात खरोखर सेवाच करायची असेल, तर त्याने दोन दिवस ट्रॅक्टर श्रमदानात द्यावा. बिल लावू नये, आणि बिल लावलं नाही हेही ठरावात लिहून ठेवावं.

एक गोष्ट मतदारांनाही सांगितली पाहिजे. सभासदाला या खड्ड्याकडे ढकलणारे पुष्कळदा आपणच असतो. ‘आपला माणूस निवडून आणला तो कशाला?’ हे वाक्य मी प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकलं आहे. भावाला वाटतं, ठेका मिळावा. पुतण्याला वाटतं, शिपायाची जागा मिळावी. आळीला वाटतं, दिवा आधी आपल्या कोपऱ्यावर लागावा. नाही म्हणणारा सभासद घरात वाईट ठरतो आणि हो म्हणणारा गावात. हे ओझं त्याच्या डोक्यावरून थोडं तरी आपणच उतरवलं पाहिजे. ज्या घरातला माणूस पंचायतीत गेला, त्या घराने पाच वर्षं पंचायतीच्या दारात हात पसरायचा नाही, एवढी रीत गावाने घातली तर पुष्कळ भांडणं जागच्या जागी मिटतील.

हे आज अधिक निकडीचं झालं आहे. पूर्वी ग्रामपंचायतीच्या तिजोरीत घरपट्टी आणि पाणीपट्टी याखेरीज फारसं काही नसे. भांडायचं म्हटलं तरी भांडण थोडक्यात संपे. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर जमा होऊ लागला, आणि लहान गावांतूनही लाखांची कामं निघू लागली. पैसा वाढला ही आनंदाचीच गोष्ट. पण तळ्यात पाणी वाढलं की राखणही वाढवावी लागते. आणि राखण म्हणजे दर वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज असं नव्हे. ग्रामसभेला जाऊन बसणं, ठरावाची वही मागून पाहणं, काम कोणाला दिलं आणि मोजलं कोणी एवढं सरळ विचारणं, ही खरी राखण. ज्या गावात हे प्रश्न उघड विचारले जातात, तिथे ते हत्यार म्हणून वापरण्याची संधी कोणाला मिळत नाही. आप्पांच्या वेळी ते आम्ही वेळेवर विचारले असते, तर वर्षभराने त्यांच्या वैऱ्याला विचारता आले नसते.

आप्पा आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. मीही निवृत्त झालो. मागच्या वर्षी त्या गावी गेलो होतो. योगायोगाने त्या दिवशी ग्रामसभा होती. तरुण सरपंच शाळेच्या आवाराला मुरूम टाकण्याचा विषय मांडत होता. मागच्या रांगेतून आप्पा काठी टेकून उठले आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे पोरा. फक्त एवढं सांग, ट्रॅक्टर कोणाचा?”

सभेत हशा पिकला. सरपंचही हसला. पण त्याने कागद पाहून ट्रॅक्टरवाल्याचं नाव आणि गाव सांगितलं, खेपा कोण मोजणार तेही सांगितलं, आणि माझ्या जागी आलेल्या ग्रामसेवकाने ते लिहून घेतलं. आप्पा खाली बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, “भाऊसाहेब, हे त्या दिवशी तुम्ही विचारायचं होतं.”

मी म्हटलं, “खरं आहे, आप्पा.”

तळं राखणाऱ्याने पाणी चाखू नये असं कोण म्हणेल? तोही गावचाच, त्यालाही तहान आहे. त्याने चाखावं, पण सगळ्यांच्या रांगेत उभं राहून, आपली पाळी आल्यावर, आणि चार माणसांच्या देखत.